दाबणीच्या दगडावरची दहावी रेघ

"ही दहावी रेघ खोटी आहे," बाई म्हणाल्या. "ती कोणी मारली आणि कधी मारली ते कळलं नाही, तर मला अख्ख्या दगडावरच संशय घ्यावा लागेल. तसंच लिहावं लागेल."

पडवीत तेव्हा आम्ही चौघी होतो. दगड तपासायला आलेल्या त्या बाई, शेजारची पारू, माझी थोरली जाऊ आणि मी. जाऊ माझ्यापासून दोन हातांवर विळी घेऊन बसली होती. बांगडा पाठीकडून फाडायचा, आतडी काढायची, माझ्याकडे सरकवायचा, असं तिचं चाललं होतं. तिचा हात थांबला नाही. माझा थांबला.

ती रेघ मी मारली होती. का मारली, ते जावेसमोर सांगायचं म्हणजे पन्नास वर्षं झाकून ठेवलेलं उघडं करायचं. गप्प बसावं, तर सासूबाई खोट्या, त्यांच्या सासूबाई खोट्या, त्या दगडाला हात लावून गेलेल्या झाडून सगळ्या बायका खोट्या. मी मुठीत मीठ घेतलं आणि बांगड्यांवर टाकलं.

हे गेल्या आगोटीतलं. यंदाची आगोट आता दारात आली आहे, म्हणून सगळं पुन्हा डोळ्यांपुढे येतंय.

पावसाच्या आधीचे ते पंधरा-वीस दिवस म्हणजे आमची आगोट. होड्या वर ओढायच्या, माडाच्या झापांनी शाकारायच्या, जाळी माळ्यावर टाकायची, आणि पावसाचे चार महिने पुरेल एवढं घरात भरायचं. मिरच्या, कोकमं, लाकडं, सुकट आणि खारवलेली मासळी. लोक म्हणतात आंब्याचा हंगाम. आंबा बागवाल्यांचा. आम्हा पूर्णगडच्या होडीवाल्यांचा हंगाम मिठाचा. बोटांच्या चिरांत मीठ जातं आणि भात कालवताना डोळ्यांत पाणी येतं. हवा अंगाला चिकटते. खाडीच्या तोंडाशी लाट फुटते तो आवाज एक दिवस अचानक जाड होतो. तो जाड झाला की पिंपं बाहेर काढायची, एवढं घड्याळ आम्हाला पुरतं.

पिंपाच्या तळाला मीठ, वर मासळीचा थर, पुन्हा मीठ, पुन्हा मासळी. वर लाकडाची फळी आणि फळीवर दाबणीचा दगड. दगडाच्या वजनाने मासळीचं पाणी सुटतं. वजन कमी पडलं तर मासळी कुजते आणि अख्खी आळी नाव ठेवते. पूर्वी मातीचे रांजण होते, आता निळी प्लास्टिकची पिंपं आहेत. दगड तोच आहे.

हा दगड आमच्याकडचा नाही. आमच्याकडे जांभा, नाहीतर काळा फत्तर. हा राखाडी, वाळू दाबून घट्ट केल्यासारखा, हातभर लांब आणि एका टोकाला आरपार भोक. सासूबाई म्हणायच्या, हा एका मोठ्या गलबताचा नांगर. भोकात दोर ओवून पाण्यात सोडायचे. ते गलबत खाडीच्या तोंडाशी फुटलं आणि दगड ओहोटीला वाळूत सापडला. त्याच्या सपाट अंगावर अक्षरांची एक ओळ आहे आणि खाली उभ्या रेघा. मी या घरात आले तेव्हा नऊ. सासूबाई सांगायच्या, "त्या गलबतातनं जितके जित्ते किनाऱ्याला लागले, तितक्या रेघा."

माझा विश्वास नव्हता. सासूबाई काहीही सांगायच्या. देवमासा माणसाच्या आवाजात रडतो, असंही त्या सांगायच्या. मी चौथी पास होऊन या घरात आले होते आणि मला वाटायचं, मला वाचता येतं. पहिल्या आगोटीला मी त्या ओळीसमोर बसले. एक अक्षर लागेना. काही वळणं आपल्या अक्षरांसारखी वाटायची, पण जवळ जाऊन बघितलं की ओळख द्यायची नाहीत. गर्दीत कोणीतरी ओळखीचं वाटावं, हाक मारावी आणि तो परका निघावा, तसं.

मिठाने तो दगड झडतो. दरवर्षी बोटाला वाळू लागते. म्हणून आमच्या घरात रीत अशी, की आगोटीचं पहिलं पिंप दाबण्याआधी घरातल्या बाईने तो दगड नारळाच्या सोडणाने घासायचा आणि होडीचा खिळा घेऊन सगळी अक्षरं, सगळ्या रेघा जशा आहेत तशा पुन्हा कोरायच्या. पुरुषांनी हात लावायचा नाही. सासूबाईंना सही येत नव्हती. पण त्या ती ओळ अशी कोरायच्या, की जणू स्वतःचं नाव लिहीत आहेत. मी एकदा विचारलं, "आत्ये, तुमाला वाचता येत नाय, मग चुकत कशा नाय?" त्या म्हणाल्या, "वाचता येत नाय म्हनूनच चुकत नाय. वाचनारा मनातलं लिवतो."

माझ्या दुसऱ्या आगोटीपासून त्यांनी आम्हा दोघी जावांची पाळी लावून दिली. एक वर्ष तिची, एक वर्ष माझी. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी तिला वयनी म्हणते. ती शाळेत गेलेली नाही.

गावच्या शाळेच्या गुरुजींनी मोबाईलवर दगडाचा फोटो काढला, कुठे कुठे पाठवला, आणि गेल्या आगोटीत या बाई घाटावरून आल्या. जुने लेख वाचायचं हेच त्यांचं काम. पस्तिशीच्या असतील. आल्या त्या दिवशी पारू कुंपणावरूनच ओरडली, "काय गो तारे, तुमच्या दगडात सोनं गावलं म्हनं?"

"गावलं. तुला पाटल्या करते हां. हात धुऊन ये."

ती खरंच आली आणि तीन दिवस हलली नाही.

बाईंचं एक मला आवडलं. पडवीत मासळीचा वास भरलेला होता, पण त्यांनी नाकाला पदर की रुमाल काही लावलं नाही. दुसरं आवडलं ते असं, की त्यांना ठाऊक नव्हतं ते त्या "ठाऊक नाही" म्हणायच्या. आमच्याकडे येणारा शिकलेला माणूस असं कधी म्हणत नाही.

दरवर्षी कोरतो हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं. लपवायचं काय त्यात? बाईंनी कपाळाला हात लावला.

"आजी, दरवर्षी?"

"दरवर्षी. नायतर पुसलं नसतं?"

"पण मग मूळ अक्षर कसं होतं ते कसं कळणार?"

वयनी विळीवरून म्हणाली, "मूळ आमाला तरी कुठं कळलंय? आमी आपल्या हाय ते राखतो."

बाई हसल्या, पण काळजीत पडल्या. म्हणाल्या, जुन्या लेखाची नक्कल करणारे पुष्कळ असतात. तांब्याच्या भांड्यांवर, नाण्यांवर, दगडांवर नवी अक्षरं कोरून जुनी म्हणून दाखवतात. ताजा घाव दिसला की पहिला संशय तोच. मी म्हटलं, "आमी कोनाला दाखवतोय? आमी त्यानं बांगडे दाबतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दगडाचा ठसा घेतला. ते मी जन्मात विसरणार नाही. दगड स्वच्छ धुतला. मोठा जाड कागद पाण्यात भिजवून त्याच्यावर पसरला, आणि ब्रशने हळूहळू ठोकत राहिल्या, कागद सगळ्या खाचांत उतरेपर्यंत. तान्ह्या मुलाला थोपटावं तसं. कागद अर्धवट सुकला तेव्हा कापडाच्या बोळ्याने वरून काळी शाई हलकेच लावली. दगड काळा उमटला, खाचा पांढऱ्या राहिल्या. मग कागद सोलून त्यांनी उन्हात धरला.

मी पन्नासाहून जास्त वर्षं तो दगड धुतलाय, उचललाय, त्याच्याखाली बोट चेमटवून घेतलंय. तो मला ठाऊक नव्हता. कागदावर एकेका रेघेच्या पोटात तीन-तीन, चार-चार रेघा होत्या. खिळा जरासा डावीकडे गेलेला, जरासा उजवीकडे. कोणाचा हात जड, कोणाचा हलका. एक रेघ खाली येता येता थरथरली होती. बाईंनी तिच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हा म्हाताऱ्या हाताचा घाव असावा." वयनी उठून आली. इतका वेळ विळी सोडून उठत नव्हती ती. चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "शेवटल्या वर्षी आत्येंनीच केलंनी. हात कापायचा त्यांचा. मी म्हटलं मी करते, तर खिळा सोडीनात."

पारूही उठून कागदावर वाकली.

माझ्या अंगावर काटा आला. मी सहसा अशी नाही. देवळात लोक डोळे मिटतात तेव्हा मी चपला सांभाळते. पण त्या कागदात माझी सासू होती, तिची सासू होती, आणि ज्यांचं नाव घरात कोणाला ठाऊक नाही अशा कितीतरी बायका होत्या. एकीलाही वाचता येत नव्हतं. प्रत्येकीने आधीच्या बाईच्या खाचेत खिळा ठेवला होता. सगळ्यांच्या खाली, तळाशी, एक रुंद उथळ घाव होता. बाई म्हणाल्या तो खिळ्याचा नाही, छिन्नीचा आहे. ते हत्यार आणि तो हात कोणाचा, ते सांगता येत नाही. फार जुना, एवढंच. मी विचारलं, किती? त्या म्हणाल्या, "आकडा मागू नका. मी सांगितला तर तुम्ही तोच धरून बसाल."

अक्षरांचं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ओळ खरी अक्षरांची आहे, नुसती नक्षी नाही. पण इतक्या वेळा कोरून वळणं हलली आहेत आणि वाचन लागत नाही. कदाचित पुढे कोणाला लागेल. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट वाटलं, बरं झालं, अजून शिल्लक आहे काहीतरी.

मग तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भिंग घेतलं, बॅटरी आडवी धरून रेघा बघितल्या आणि दहावी रेघ खोटी असल्याचं बोलल्या. नऊ रेघांच्या तळाला जुना घाव आहे, दहावीच्या तळाला काही नाही. नुसता खिळा. आणि मी मिठात हात घालून बसले.

आता ती रेघ.

माझं लग्न होऊन तिसरी आगोट होती. होड्या वर ओढायच्या आधीची शेवटची फेरी. आमच्या होडीत आम्हा दोघींचे नवरे धरून चार माणसं गेली. दुपारनंतर वारा फिरला. दक्षिणेकडून आभाळ असं आलं, की घरातली भांडी दिसेनाशी झाली. बाकीच्या होड्या कशाबशा खाडीत शिरल्या. आमची तोंडाशी लाटेत आडवी झालेली लोकांनी गडावरून बघितली. आम्ही दोघी जावा गडाच्या बुरुजापाशी उभ्या होतो. वयनीने माझं मनगट धरलं होतं. तिची बोटं उमटली होती, आठ दिवस दिसत होती.

दोन दिवसांनी माझा नवरा गणेशगुळ्याच्या बाजूने किनाऱ्याकिनाऱ्याने चालत आला. अंगावर फक्त लंगोटी, आणि बोलत नव्हता. वयनी माझ्या आधी त्याच्याकडे धावली. त्याच्या मागे बघत राहिली, अजून कोणी येतंय का म्हणून. मी तिथेच उभी राहिले. मला आनंद झाला होता आणि तो मला कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं.

बारा दिवस चूल दुसऱ्यांनी पेटवली. तेराव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "आळीनं मासळी दिलीय ती कुजवायची नाय. तारे, दगड घे." पाळी वयनीची होती, पण ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी मागीलदारी बसले, ओळ कोरली, नऊ रेघा कोरल्या. खिळा हातात राहिला. मग त्याच खिळ्याने मी दहावी मारली. विचार करून नाही. एवढंच वाटलं, हा आलाय, पण पुरता आला नाही. कुठेतरी बांधून ठेवला पाहिजे.

सासूबाईंनी दगड उचलायच्या आधी रेघांवरून अंगठा फिरवला. शेवटाला अंगठा जरा थांबला. त्या काही बोलल्या नाहीत. फळीवर दगड ठेवला आणि म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय."

नवरा पुढे पुष्कळ वर्षं जगला. फार गुणाचा होता असं नाही. प्यायचा, आणि प्याला की समुद्राला शिव्या द्यायचा. त्या दिवसाबद्दल कधी बोलला नाही. वयनी आमच्यातच राहिली. आम्ही दोघींनी एका घरात पन्नास वर्षं भांडून, शिजवून काढली. माझं कुंकू गेलं तेव्हा तिनेच मला जेवायला बसवलं. पण माझा माणूस आला म्हणून मी दगडावर रेघ मारली आणि तिचा आला नाही, हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगणार होते? दर दुसऱ्या वर्षी तिची पाळी यायची. तीही दहा रेघा कोरायची. मी आतल्या खोलीत काहीतरी काम काढायचे.

तर बाई वही उघडून बसल्या होत्या. पारू म्हणाली, "कोनीतरी पोरानं मारली असल. त्यात काय येवढं?"

मी म्हटलं, "पोरानं नाय. मी मारली."

विळी थांबली.

"वयनी," मी म्हटलं, आणि पुढचं येईना.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली.

"काय ठाऊक हाय?"

"शाळेत नसले गेले म्हनून काय झालं? नवाच्या दहा झाल्या तर कळत नाय मला? पुढल्या वर्षी माझी पाळी आली तेव्हाच बघितली. कोनाची ते काय विचारायला हवं?"

"मग बोलली का नाय?"

"तू बोललीस?"

पारू उठून जायला लागली. वयनीने तिला दटावलं, "बस गो. तीन दिवस बसलीस, आता कुठं चाललीस?" मग तिने हात सोडणाला पुसले. तिला भराभर बोलायची सवय नाही.

"खरवडून टाकायची व्हती," ती म्हणाली. "खिळा घेतला पन. दोनदा फिरवला आडवा. मग मनात आलं, तो आला ना खरंच? आला. मग रेघ खोटी कशी? माझा नाय आला, तो या रेघेनं नाय. ही खरवडली म्हनून येनार व्हता काय? मग तीच आधी कोरली. दर पाळीला तीच आधी कोरते. उगी पुसायला नको."

बाईंनी भिंग पुन्हा लावलं. दहाव्या रेघेवर आडवे दोन बारीक ओरखडे होते. पुसट. मी कधी बघितले नव्हते. मी ती रेघ नीट बघायचेच नाही.

खाडीच्या तोंडाशी लाटेचा तो जाड आवाज येत होता. मग बाई म्हणाल्या, "आजी, एक सांगते, पण हे मी लिहिणार नाही, कारण पुरावा पुरेसा नाही. तुमच्या त्या नऊ रेघांचा खालचा घाव एका हाताचा नाही. पहिल्या पाच एका हत्याराच्या. सहावी वेगळी. सातवी-आठवी एकत्र मारलेल्या. नववी पुन्हा वेगळी, आणि बरीच नंतरची. मला दोन दिवस वाटत होतं की इथेच काहीतरी बनावट आहे."

"आणि आता?" मी विचारलं.

"आता वाटतंय, तुमच्या आधीही कोणीतरी असंच हत्यार हातात धरून बसलं होतं."

मी दगडाकडे बघितलं. दरवर्षी उचलायचा तो दगड, मासळीच्या पाण्याने ओला. सासूबाईंचा अंगठा शेवटाला का थांबला असेल, आणि त्या का बोलल्या नसतील, ते मला इतक्या वर्षांनी कळलं. गलबत होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही. पहिल्या पाच रेघा कोणाच्या, ते बाईंनाही ठाऊक नाही. पण सहावीपाशी कोणी बाई होती. सातवी-आठवीपाशी एक, जिचे दोघे एकदम परत आले असतील. आणि त्या प्रत्येकीच्या शेजारी, त्याच घरात, मीठ चोळत बसलेली दुसरी कोणी असणारच. समुद्र सगळ्यांना परत देत नाही. तिनेही ती रेघ ठेवली. नाहीतर ती आज दिसली नसती.

हे खरं की खोटं, मला सिद्ध करता येणार नाही. बाईंनाही नाही. मी देवळात डोळे मिटत नाही, पण त्या दिवशी मी दगडाला हात लावताना आधी हात धुतले.

बाईंनी वही पुढे ओढली. म्हणाल्या, "दहावी रेघ कोणी मारली ते लिहिते. ती नवी आहे, पण लपवलेली नाही, तेव्हा बाकीच्या दगडावर संशय घ्यायचं कारण उरत नाही. कशासाठी मारली, तेही लिहू का?"

मी वयनीकडे बघितलं. "लिव," ती म्हणाली. "सगळी नावं लिव. नुसत्या रेघेनं कोनाला काय कळतं? आमाला तरी कुठं कळलं?"

मग तिनेच नावं सांगितली, एकेक, बाईंचं पेन पोचेल अशा बेताने. त्या होडीत चौघे होते. तिचा नवरा हरी, आमच्या सासऱ्यांचा भाचा गणू, होडी हाकणारा तांडेल बाबल्या आणि माझा नवरा धाकू. पहिले तिघे गेले. धाकू वाचला.